‘हॉग’ला मराठीत काय म्हणाल? आयोवातून एक प्रश्न

मका_आणि_मोगरा

डे मॉइनपासून तासाभराच्या अंतरावर आमचं छोटं गाव आहे. गावाबाहेर एक आजोबा राहतात, वय ८४. जमीन त्यांनी केव्हाच खंडानं दिली आहे. येत्या शनिवारी घरातली आणि गोठ्यातली सगळी अवजारं लिलावात निघणार. परवा मी शेवयांची खीर घेऊन गेले होते. ते मला एकेक वस्तू दाखवत फिरले आणि शेवटी घराच्या भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले, "हे घर हॉग्जनी फेडलं." हॉग्ज म्हणजे पाळलेली डुकरं. त्यांच्या लहानपणी सगळे जण हॉगला ‘मॉर्गेज लिफ्टर’ म्हणायचे. गहाण उचलून देणारा.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. मी ११ वर्षं इथे आहे आणि ‘हॉग’ रोज ऐकते. दोन लेन अडवून चालणारा ‘रोड हॉग’, पांघरूण ओढून घेणारा ‘बेड हॉग’, पास न देणारा ‘बॉल हॉग’. ऑफिसात मीटिंगची खोली कुणी दिवसभर अडवली तरी ‘हॉगिंग’. सगळीकडे एकच अर्थ: अधाशी, दुसऱ्याचं लाटणारा. ज्या जनावरानं घरं फेडली त्याच्या वाट्याला हे का आलं?

दुसरं असं की आयोवात माणसं साधारण ३२ लाख आणि हॉग २ कोटी ३० लाखांच्या वर, म्हणजे माणशी सात. तरी रस्त्यानं जाताना एकही दिसत नाही. लांबच लांब पांढरी शेडं दिसतात, त्यांच्या टोकाला मोठाले पंखे, बस्स.

तर प्रश्न दोन. हॉग आणि पिग यांत नक्की फरक काय? आणि आजोबा ज्या मायेनं ‘हॉग’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘डुक्कर’ म्हटलं की आपल्याकडे शिवीच ऐकू येते.

रानवाटा

मस्त विषय. वाचतेय.

परळचा_पशुवैद्य

मुंबईत परळला शिकलो, गेली कित्येक वर्षं याच राज्यात याच जनावरांत आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लागलं.

शेतावरची ढोबळ रीत अशी: साधारण १२० पौंडांपर्यंत पिग, त्यापुढे हॉग. ‘स्वाइन’ हा कागदावरचा शब्द, शाळा-कॉलेजांत आणि रोगांच्या नावांत भेटतो. शेतकरी मात्र माझ्याशी बोलताना यातला कुठलाच शब्द फारसा वापरत नाही. तो म्हणतो, "गिल्ट अजून माजावर आली नाही", "बॅरो सरासरी २८० ला गेले".

गिल्ट म्हणजे एकदाही न व्यालेली मादी. व्याली की ती सो. नर तो बोअर. लहानपणीच खच्ची केलेला तो बॅरो. दूध तुटलेलं, अजून भरायचं असलेलं पोर म्हणजे शोट, हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलाय. ‘फॅरो’ म्हणजे विणं, आणि हे क्रियापद फक्त हिच्यासाठी राखलेलं. गाय ‘फॅरो’ होत नाही.

आता हे आपल्या कालवड, वगार, गोऱ्हा, खोंड, वळू, बडवलेला बैल, भाकड गाय यांच्या शेजारी ठेवून बघा. आपली भाषा गाईम्हशींच्या बाबतीत जितकी बारीक आहे, तितकी यांची हॉगच्या बाबतीत आहे. गिल्ट म्हणजे चक्क यांची कालवड. ज्या जनावरावर घर चालतं त्याच्या प्रत्येक वयाला माणूस वेगळं नाव देतो. मका ताई, तुमच्या आजोबांच्या ‘हॉग’मधली माया मला तिथून आलेली वाटते.

गाभण काळ इथल्या पोराटोरांनाही पाठ असतो: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. ११४ दिवस, फार तर एखादा इकडे-तिकडे.

शब्दवेडी

वा पशुवैद्यकाका, कालवडीची तुलना फार आवडली.

म्हणींकडे वळते. ‘लिव्हिंग हाय ऑन द हॉग’, म्हणजे आपल्याकडची पाचही बोटं तुपात. याचा अर्थ जनावराच्या शरीरावरच लिहिलेला आहे. पाठीकडचा, वरचा भाग महागाचा. पाय, पोट, मुंडी हे खालचे भाग गरिबाच्या ताटात. कोण हॉगच्या किती उंचीवरचं खातो यावर त्याची ऐपत ठरायची.

‘हॉगवॉश’ म्हणजे मूळात स्वयंपाकघरातलं खरकटं पाणी, ते जनावरांना घालायचे. आता अर्थ झालाय निव्वळ बकवास. ‘पोर्क बॅरल’ हे राजकारणातलं पिंप: आपल्या मतदारसंघासाठी सरकारी पैसा ओढून आणणं. घरोघरी खारवलेल्या मांसाचं पिंप असायचं, त्यात हात घालायचा, तिथून हा शब्द आला.

माझी सगळ्यात आवडती म्हण ‘रूट, हॉग, ऑर डाय’. पूर्वी हॉग मोकळे सोडायचे, जंगलात जा, नाकाडानं उकरून खा, नाहीतर मर. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’च्या बरोब्बर उलट टोक. आणि ‘बर्फावरच्या हॉगसारखा स्वतंत्र’! खूर घसरतात, चारी पाय चार दिशांना, आणि तरी ऐट कायम.

मका, तुझ्या ‘अधाशी का’ या प्रश्नाचं उत्तर मला या दोन म्हणींत दिसतं. दोन्ही मोकळ्या हॉगच्या आहेत. तो समोर दिसेल ते उकरून खायचा. त्याच्यावर माणसाचा पैसा खर्च होत नव्हता, पण खाण्याचा सपाटा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

डॅलसचे_दादा

तुमच्या आयोवात माया असेल, इथे टेक्ससमध्ये येऊन हॉग म्हणा आणि शेतकऱ्याचा चेहरा बघा.

१५३९ मध्ये एर्नांदो द सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर हे कळप आले. पुढे सुटलेली पाळीव जनावरं आणि शिकारीसाठी आणलेले युरोपातले रानडुक्कर यांची सरमिसळ झाली. एका रात्रीत मक्याचं नाहीतर भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करून टाकतात. इथे २०११ मध्ये खास कायदा करून हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करायला परवानगी दिली, यावरून काय ते समजा.

माझं आजोळ संगमेश्वरकडचं. मामा भाताच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर रात्र रात्र डबे बडवत बसायचा. इथल्या मित्राला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुला मी वेगळं काही समजावायला नको."

मडगांवची

मका, ‘डुक्कर म्हटलं की आपल्याकडे शिवीच’ यातल्या ‘आपल्याकडे’त मी बसत नाही बरं. रागावून नाही सांगत, पण सांगायलाच हवं. आमच्या वाड्यावर आजी दुकर पाळायची. लग्न, फेस्त, नाताळ काही असो, सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं झणझणीत कालवण) आणि सान्नां (इडलीसारखे) नसतील तर पाहुणे काय म्हणतील? चोरीस (मसालेदार सॉसेज) करायचं म्हणजे व्हिनेगर, लाल मिरच्या, उन्हात वाळत टाकलेल्या माळा, अख्ख्या घराला दिवसचे दिवस तोच वास. दुकर विकून आजीनं माझ्या बाबाच्या शाळेची फी भरली आहे. आमच्याकडे तो शब्द घरातला आहे.

मका_आणि_मोगरा

@मडगांवची, बरोबर आहे तुमचं. ‘माझ्या घरात’ असं लिहायला हवं होतं. आणि आजीनं फी भरल्याचं वाचून वाटलं, माझे आजोबा आणि तुमची आजी एकमेकांना ओळखतात.

ओहायोकर

सिनसिनाटीतून हजेरी. एकोणिसाव्या शतकात आमच्या शहराचं टोपणनाव ‘पोर्कोपोलिस’ होतं. आजूबाजूच्या मुलखातून हॉगचे तांडे पायी हाकत शहरात आणायचे. मांस खारवून पिंपांत भरून ओहायो नदीनं खाली जायचं. चरबी उरायची, तिचा साबण आणि मेणबत्त्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल १८३७ मध्ये इथे सुरू झाली ती याच दोन वस्तूंवर. पुढे रेल्वे आली, धंदा शिकागोकडे सरकला.

१९८८ मध्ये नदीकाठच्या बागेत पंखवाल्या डुकरांचे पुतळे बसवायचं ठरलं तेव्हा शहरात मोठा वाद झाला, जग आपल्याला हसेल म्हणून. पुतळे बसले. १९९९ पासून इथल्या मॅरेथॉनचं नावच ‘फ्लाइंग पिग’ आहे. मी दोनदा धावलोय आणि ते पदक दिवाणखान्यात लावलंय.

बुलेटवाला

कुणी हार्लेचं नाव कसं काढलं नाही? हार्ले-डेव्हिडसनला इथे सगळे लाडानं हॉगच म्हणतात. १९२० च्या सुमारास त्यांच्या शर्यतीच्या संघाकडे शुभचिन्ह म्हणून डुकराचं पिल्लू होतं, जिंकलं की त्याला टाकीवर बसवून फेरी मारायचे. १९८३ मध्ये मालकांचा क्लब निघाला, त्याची आद्याक्षरं हॉग. २००६ पासून शेअर बाजारातली खूणही तीच. म्हणजे अधाशी नसलेला, अभिमानाचा हॉग आहे की!

निनाद_एम्स

थोडं विरुद्ध लिहितो, कारण धागा फार गोड होत चाललाय.

ज्या शेडांत ते २ कोटी ३० लाख हॉग आहेत त्यांच्या वाऱ्याच्या दिशेला राहून बघा. जाळीच्या फरशीखाली खड्डा, त्यात महिनोन्‌महिने साठलेलं मलमूत्र, शरदात ते मक्याच्या शेतात. खत म्हणून उत्तम आहे, मान्य. पण जमिनीत मावेल त्याहून जास्त झालं की त्यातलंच नायट्रेट नदीत. २०१५ मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेनं याच नायट्रेटवरून वरच्या अंगाच्या तीन काउंटींच्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर (शेतांतल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर) खटला भरला होता, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. उत्तर कॅरोलिनात १९९९ च्या फ्लॉइड वादळात मलमूत्राची उघडी तळी पुरात गेली.

आणि त्या मादीनं आयुष्याचा मोठा भाग जिथे वळताही येत नाही अशा पिंजऱ्यात काढायचा. शब्दांचं कौतुक मलाही आहे, पण जनावराचं काय?

रानवाटा

निनाद +१. मीही हेच लिहायला आले होते.

परळचा_पशुवैद्य

निनाद, वासाबद्दल आणि पाण्याबद्दल मी वाद घालणार नाही. खड्ड्यावर मी काम करतो, मला तो वास कपड्यांतून घरी येताना माहीत आहे.

पिंजऱ्यांबद्दल मात्र एक गल्लत होते ती सांगतो. दोन वेगळे पिंजरे असतात. एक गाभण काळातला, दुसरा विण्याच्या वेळचा. दुसऱ्याचं कारण मी हातांनी अनुभवलंय: आई ४०० ते ५०० पौंडांची, पिल्लू जेमतेम ३ पौंडांचं, आणि ती बसते तेव्हा बघून बसत नाही. सळ्यांमुळे ती हळू बसते, पिल्लांना दिव्याच्या उबेत सरकायला वेळ मिळतो. तरीही काही चिरडतातच.

पहिल्या, गाभण काळातल्या पिंजऱ्याबद्दल माझं मत तुमच्याच बाजूचं आहे. गटात ठेवलेल्या माद्या मी पाहिल्या आहेत. भांडतात, ओरखडे काढतात, मग कळपात कुणाचा मान पहिला ते ठरतं आणि शांत होतात. त्याला जागा आणि जाणता माणूस दोन्ही लागतं. कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये मतदानानं ठरवलं की मादीमागे किमान २४ चौरस फूट जागा हवी, नाहीतर ते मांस आमच्याकडे विकायचं नाही. धंद्यातली मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०२३ मध्ये हरली. माझे निम्मे शेतकरी त्यावर अजून चिडलेले आहेत. उरलेल्या निम्म्यांनी शेड बदललं.

शिकागोचा_बाजारबुणगा

आमच्या बाजूनं थोडं. शिकागोच्या मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये १९६१ ते २०११ पर्यंत ‘पोर्क बेली’चे वायदे चालायचे, गोठवलेल्या पोटाच्या मांसाचे. आता ‘लीन हॉग’चा वायदा आहे, एक करार ४०,००० पौंडांचा. मी आजतागायत जिवंत हॉग जवळून पाहिलेला नाही, पण त्याचा भाव मला रोज सकाळी माहीत असतो.

पशुवैद्यांनी सांगितलेल्या फरकावर आमच्या धंद्यात आणि वकिलांत एक म्हण आहे: ‘पिग्ज गेट फॅट, हॉग्ज गेट स्लॉटर्ड’. बेतानं खाणारा बाळसं धरतो, हावरट कापला जातो. हॉग म्हणजे वजन भरलेला, म्हणजेच ज्याची वेळ भरली तो, हे मला आज इथे वाचून कळलं. इतकी वर्षं नुसतीच म्हण वापरत होतो.

चार_पानांचं_क्लोव्हर

मी नेब्रास्कात राहते, नवरा इथल्याच कारखान्यात इंजिनियर. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींबरोबर फोर-एच मध्ये गेली. ही मुळात खेड्यापाड्यांतल्या मुलांची संघटना, हिरवं चार पानांचं क्लोव्हर हे चिन्ह. आणि एक दिवस येऊन म्हणाली, "आई, मला हॉग दाखवायचाय." ‘दाखवायचा’ म्हणजे काउंटीच्या जत्रेत रिंगणात उतरवायचा. जागा मैत्रिणीच्या शेतावर, जनावर हिचं. लाल ड्युरॉक जातीचा बॅरो, वसंतात आणला तेव्हा कुत्र्याएवढा.

सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मी तिला सोडायला जायचे. आधी गाडीतच बसून राहायचे. मग एक दिवस उतरले. तो हिच्या आवाजाला ओळखायचा. उन्हाळ्यात घाम येत नाही त्यांना (‘पिगसारखा घाम’ ही म्हण साफ चुकीची आहे), म्हणून ही त्याला पाण्याचा फवारा मारायची आणि तो डोळे मिटून उभा राहायचा. घास घास मोजून द्यायची, वजन वहीत लिहायची. रिंगणात हातात फक्त छोटी काठी. दोरी नाही, लगाम नाही. २७० पौंडांचं जनावर हलक्या स्पर्शानं वळवायचं, मान वर ठेवायची, पंचांची नजर आणि हॉग यांच्या मध्ये आपण यायचं नाही.

तिसरं बक्षीस मिळालं. शनिवारी विक्री. आमच्या जत्रेचा नियमच तो, दाखवलेला हॉग परत घरी येत नाही. ट्रकच्या फळीवर तो चढला तेव्हा ती रडली, तिच्याबरोबरची शेतकऱ्यांची मोठी मुलंही रडत होती, टोप्या डोळ्यांवर ओढून. एका आज्जींनी मला धरलं आणि म्हणाल्या, "दरवर्षी असंच होतं. ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी काळजी कर."

मी शाकाहारीच आहे. मुलगीही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा घेतला. मी तिला अडवलं नाही, आणि ते बरोबर केलं असं मला वाटतं. निनाद यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, पण ‘जनावराचं काय’ हे त्या मुलांइतकं रोज सकाळी सहा वाजता विचारणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

मडगांवची

क्लोव्हर, डोळ्यांत पाणी आलं. आजीसुद्धा कापायच्या दिवशी देवळाकडे निघून जायची. घरात थांबायची नाही.

निनाद_एम्स

@चार_पानांचं_क्लोव्हर, हे लिहिल्याबद्दल आभार. माझा राग शेडांवर आहे, त्या मुलांवर नाही.

जुना_कागद

‘मॉर्गेज लिफ्टर’वर थोडं, कारण ते नाव का पडलं आणि का गेलं हे कळायला हवं.

मका विकला तर जो भाव मिळेल तो. तोच मका हॉगला घातला तर सहा महिन्यांत तो चालत बाजारात जातो. गाईचं वासरू भरायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि गाय एका वेळी एकच देते. हॉगची मादी एका वेताला दहा-अकरा. थोड्या भांडवलात, थोड्या जागेत, लवकर पैसा. बँकेचा हप्ता त्यावर निघायचा.

धक्केही बसले. १९३३ च्या मंदीत भाव सावरायला सरकारनं सुमारे ६० लाख लहान डुकरं विकत घेऊन मारली. तेव्हाचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस आयोवाचेच. मग १९९८ चा डिसेंबर. हॉग खूप, कत्तलखान्यांत जागा कमी. भाव १०० पौंडांना १० डॉलरच्याही खाली गेला. म्हणजे २५० पौंडांचा हॉग २५ डॉलरला, त्यानं खाल्लेला मकाही त्यात निघत नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात २ लाखांहून जास्त शेतांवर हॉग होते, २००९ पर्यंत ७० हजारांच्या आसपास उरली. हॉगची संख्या मात्र घटली नाही. मका ताईंना रस्त्यावरून तो दिसत नाही त्याचं कारण हे.

शब्दवेडी

दोन दिवस दुसऱ्या प्रश्नावर विचार करतेय. ‘गहाणमोड्या’, ‘कर्जफेड्या’ असं जुळवून पाहिलं, कानाला बरं लागेना. शेळीला आपण ‘गरिबाची गाय’ म्हणतो, ते जवळचं आहे.

मग सुचलं की शब्द आपल्याकडे आयता आहे: तारणहार. ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू, आणि तारणहार म्हणजे वाचवणारा. मॉर्गेज लिफ्टर = तारणहार. घर तारण पडलं होतं, यानं तारलं.

परळचा_पशुवैद्य

शब्दवेडी, टोपी काढली. उद्या हा शब्द माझ्या वहीत जाणार.

डॅलसचे_दादा

टेक्ससमध्ये चालणार नाही. पण आयोवापुरता मंजूर. मका, लिलावात काय झालं ते लिही.

मका_आणि_मोगरा

सगळ्यांचे आभार. काल लिलाव झाला, आता सांगते.

सकाळी आठलाच पिकअप ट्रकांची रांग लागली होती. चर्चच्या बायकांनी सँडविच आणि पायचा स्टॉल मांडला होता. ट्रॅक्टर, नांगर, धान्याची गाडी यांना बोली चांगली लागली. हॉगचं सामान शेवटी आलं: लोखंडी कुंपणाच्या जाळ्या, पिल्लांवर टांगायचे दिवे, लाकडी दोणी, आणि कानाला खाच पाडायचा चिमटा. त्या चिमट्याला कुणी बोलीच लावेना. मी ६ डॉलरला घेतला.

आजोबांनी मला तो कसा वापरायचा ते दाखवलं. उजव्या कानावरच्या खाचा वेताचा क्रमांक सांगतात, डाव्या कानावरच्या त्या पिल्लाचा. पशुवैद्य दादा, तुम्हाला हे माहीतच असेल, मला नव्हतं. मी विचारलं, शेवटचं वेत कधीचं? म्हणाले, १९९८. त्या डिसेंबरात विकले सगळे. चेक आला तो बँकेत टाकायला जायला त्यांना लाज वाटली, बायको घेऊन गेली. पण घर त्याच्या कितीतरी आधी फिटलं होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मग मी त्यांना ‘तारणहार’ सांगितला, दोन्ही अर्थ फोडून. त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला. ‘ण’ काही जमेना. ‘तारनहार’.

सगळे गेल्यावर मी विचारलं, तुम्ही त्यांना हाक कशी मारायचा? ते उठले, रिकाम्या अंगणाकडे तोंड केलं, तोंडाभोवती हात धरले आणि दिली आरोळी: "सूऽऽऽई! पिग, पिग, पिग!" ८४ वर्षांच्या माणसाचा आवाज, पण रस्त्यापलीकडची कुत्री उठून बसली. ते थोडा वेळ तसेच कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "वाऱ्याची दिशा बरोबर असली की मैलावरून यायचे."